मुरबाडची डोंगरगावे

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याची व उतारावरची गावे आणि पाडे. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गाने एसटीने पोहोचता येते. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी व कुणबी हे येथील प्रमुख समाज. भात व नाचणी ही मुख्य पिके.

वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची प्राचीन व्यापारी वाट चढते. माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असून जवळच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी या दिवशी तेथे त्यांना अभिवादन केले जाते. पौष पौर्णिमेची म्हसा यात्रा गुरांच्या व घोंगड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसलेल्या आज्या पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या.

पावसाळ्यात निसरड्या वाटा व धबधबे धोकादायक ठरतात. हिवाळा भटकंतीस उत्तम. पाहुण्यांनी स्थानिक वाटाड्या घ्यावा, गावातच जेवावे व कचरा परत न्यावा, म्हणजे भेटीचा लाभ गावालाही होतो.