दोन्ही स्थिर, पण एकत्र? स्विचिंग सिस्टिमच्या सिद्धतेचा छोटा इतिहास

रिसर्चकडे वळणारे विद्यार्थी हमखास विचारतात, "सिम्युलेशनमध्ये सिस्टिम स्थिर दिसतेय, मग सिद्धता कशाला?" या विषयाचा इतिहास म्हणजे त्या प्रश्नाचंच उत्तर आहे.

सुरुवात १८९२ ची. अलेक्झांडर लियापुनोव्ह यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधात सांगितलं की समीकरण सोडवत बसायची गरज नाही. ऊर्जेसारखं एक फलन शोधा: मूळबिंदू सोडून सगळीकडे धन आणि काळाबरोबर घटत जाणारं. ते सापडलं की स्थिरता सिद्ध.

आता दोन सिस्टिम घ्या. दोघींचे मार्ग गोल फिरत मूळबिंदूकडे येतात. पण एकीचे वळसे आडवे लांबट, दुसरीचे उभे. प्रत्येक वळशात नेमक्या चुकीच्या क्षणी स्विच केलं, तर मार्ग बाहेर फेकला जाऊ शकतो! आणि स्विच करायच्या वेळा अनंत. सिम्युलेशन किती करणार?

मग कल्पना आली की दोघींसाठी एकच सामाईक फलन शोधायचं. १९९४ मध्ये कुंपती नरेंद्र आणि बालकृष्णन यांनी दाखवलं की रेषीय, स्थिर सिस्टिमच्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलून फरक पडत नसेल, तर असं वर्गरूपी फलन असतंच. पद्धतही सुटसुटीत: पहिल्या सिस्टिमचं लियापुनोव्ह समीकरण सोडवायचं, त्याचं उत्तर दुसरीच्या समीकरणात उजवीकडे ऋण चिन्हानं ठेवायचं.

पण ही अट फार कडक. म्हणून १९९८ मध्ये ब्रॅनिकी यांनी प्रत्येक सिस्टिमला वेगळं फलन दिलं. तीच सिस्टिम पुन्हा चालू होताना तिच्या फलनाची किंमत मागच्या वेळेपेक्षा कमी हवी, एवढंच. १९९९ मध्ये हेस्पान्हा आणि मोर्स यांनी सिद्ध केलं की स्थिर रेषीय सिस्टिममधलं स्विचिंग सरासरीनं पुरेसं सावकाश असेल, तरी चालतं.

त्याच वर्षी दयावंश आणि मार्टिन यांनी दाखवलं की कसंही स्विच केलं तरी सिस्टिम स्थिर राहत असेल, तर सामाईक फलन असतंच; पण ते वर्गरूपी असेलच असं नाही. म्हणजे वर्गरूपी फलन मिळालं नाही म्हणून सिस्टिम अस्थिर ठरत नाही. आणि २००० मध्ये ब्लाँडेल आणि त्सित्सिक्लिस यांनी तर मर्यादाच दाखवली: दोन मॅट्रिक्सचे सगळे गुणाकार मर्यादेत राहतात का, हे दरवेळी अचूक सांगणारा अल्गोरिदम असूच शकत नाही.

तेव्हा पेपर वाचताना आधी एवढंच बघा: दावा 'कुठल्याही' स्विचिंगचा आहे की 'सावकाश' स्विचिंगचा? आणि अट पुरेशी आहे की आवश्यकही? निम्मा पेपर तिथेच कळतो.