ब्रॉयलर कोंबडी ४० दिवसांत दोन किलोची होते, ती इंजेक्शनमुळे की जनुकांमुळे?

खामगाव असो, मलकापूर असो की चिखली, बुलढाणा जिल्ह्यातल्या चिकन सेंटरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "गावरान आहे का हो?" भाव जास्त असला तरी अनेक जण गावरानच मागतात. चवीसोबत त्यामागे एक भीतीही असते. ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देऊन फुगवतात, असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतायत.

शंका येणं साहजिक आहे. गावरान कोंबडीला सव्वा-दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने लागतात. ब्रॉयलर मात्र ४० दिवसांच्या आसपास दोन किलोचा होतो. मग हे होतं कसं?

एकच खाद्य, तीन कोंबड्या

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने याचा प्रयोग केला. १९५७ आणि १९७८ सालचे जतन केलेले वाण आणि २००५ सालचा ब्रॉयलर, अशा तिघांची पिल्लं सारख्याच खाद्यावर वाढवली. ५६ व्या दिवशी सरासरी वजनं भरली अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच. फरक होता तो वाणाचा. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

जनुकं नेमकं काय करतात?

वजन वाढवणारं एकच जनुक नसतं. शेकडो जनुकांचा थोडा थोडा परिणाम एकत्र होतो. काहींमुळे भूक वाढते, काहींमुळे छातीचं मांस, तर काहींमुळे पोटातली चरबी. दर पिढीत सर्वांत भराभर वाढणारे पक्षी निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची, हे काम कंपन्यांनी गेली अनेक दशकं केलं. बाजारातला ब्रॉयलर म्हणजे अशा वेगवेगळ्या निवडक वाणांचा संकर.

मग इंजेक्शन?

वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर ते पोटात पचून जातं. टोचायचं तर हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचावं लागेल, ते परवडणारच नाही. पिल्लांना मानमोडी (राणीखेत), गंबोरो अशा रोगांच्या लसी मात्र दिल्या जातात, त्याही बहुधा डोळ्यात थेंब टाकून किंवा पाण्यातून.

अँटिबायोटिक्सचा प्रश्न मात्र खरा आहे. माणसांसाठी शेवटचा उपाय मानलं जाणारं कोलिस्टिन हे औषध पोल्ट्रीत वापरायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली.

वेगाची किंमत

शरीर इतक्या झपाट्याने वाढलं की पाय आणि हृदयावर ताण येतो. काही पक्षी लंगडतात, काहींच्या पोटात पाणी होतं. त्यात मलकापूर-खामगाव पट्ट्यातला उन्हाळा. पारा चाळिशीपार गेला की भरलेल्या अंगाचा ब्रॉयलर धापा टाकतो आणि मर वाढते. इथेही जनुकाचा उपयोग होतो. उघड्या मानेच्या कोंबडीत एका जनुकामुळे पिसं कमी असतात, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते.

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा 'वनराजा' आणि बंगळूरूमध्ये विकसित झालेला 'गिरिराजा' हे परसबागेसाठी तयार केलेले पक्षी आहेत. ते गावरानपेक्षा लवकर वाढतात आणि ब्रॉयलरपेक्षा काटक असतात. पण तेही संकरित आहेत. त्यांची अंडी उबवून पिल्लं काढली, तर पुढच्या पिढीत जनुकांची फेरमांडणी होते आणि आई-बापासारखी वाढ मिळेलच असं नाही. शिवाय वनराजाची कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. गावरान बसते, म्हणून तिचा कळप घरच्या घरी वाढतो.

त्यामुळे पिल्लं घेताना फक्त वजन विचारू नका. वाण कोणता, तो संकरित आहे का आणि पुढच्या खेपेला पिल्लं पुन्हा विकत घ्यावी लागतील का, हेही विचारा. वर्षभराचा हिशोब त्यावरच ठरतो.