बसच्या डिझेल इंजिनातील तेलदाबाची घट

बसच्या डिझेल इंजिनातील तेलदाबाची घट म्हणजे इंजिनाच्या मुख्य तेलमार्गात वंगणतेलाचा दाब आवश्यक पातळीच्या खाली जाणे. कार्यशाळेत यासाठी ‘ऑइल प्रेशर कमी होणे’ हाच प्रयोग रूढ आहे. ही घट स्वतः बिघाड नसून बिघाडाचे लक्षण होय. तिचे मूळ चेंबरमधील तेलाच्या पातळीपासून क्रँकशाफ्टच्या झिजेपर्यंत कोठेही असू शकते, आणि कित्येकदा इंजिन निर्दोष असून दाब दाखविणारे उपकरणच चुकीचे असते. लक्षणाकडे दुर्लक्ष केल्यास क्रँकशाफ्ट निकामी होतो. उलट घाईने इंजिन खोलल्यास गाडी विनाकारण दिवसच्या दिवस उभी राहते. निदानाचे महत्त्व या दोन टोकांमध्ये आहे.

दाब कसा निर्माण होतो

पंप तेलाला दाब देतो हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. दातेरी चाकांचा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक घनफळाचे तेल पुढे ढकलतो, एवढेच त्याचे काम. चेंबरमधील जाळीतून खेचलेले हे तेल कूलर व फिल्टरमधून मुख्य गॅलरीत येते आणि तेथून मेन बेअरिंग, बिग एंड बेअरिंग, कॅमशाफ्ट, रॉकर व टर्बोचार्जर यांच्याकडे वाटले जाते. बेअरिंगमधील अरुंद फटींतून बाहेर पडताना तेलाला जो अडथळा होतो, तोच गेजवर दाब म्हणून दिसतो. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून स्प्रिंगवर बसविलेला रिलीफ व्हॉल्व्ह जादा तेल परत चेंबरमध्ये सोडतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली फटीची. अरुंद फटीतून झिरपणाऱ्या तेलाचे प्रमाण फटीच्या रुंदीच्या घनानुसार बदलते; फट दुप्पट झाली तर गळती जवळजवळ आठपट होते. मिलिमीटरच्या शतांशात मोजावी लागणारी झीज गेजवर ठळकपणे उमटते ती यामुळे. दुसरी तापमानाची. १५डब्ल्यू-४० प्रतीचे तेल ४० अंश सेल्सिअसला जितके दाट असते, त्याच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाइतकेच ते १०० अंशांना उरते. सकाळी गाडी सुरू करताच दिसणारा भरघोस दाब म्हणूनच बेअरिंगच्या प्रकृतीचा पुरावा ठरत नाही.

किती दाब पुरेसा

प्रत्येक इंजिनाचा आकडा निराळा असतो व तो निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. नमुन्यादाखल, टाटाच्या अनेक बसगाड्यांत आलेल्या ५.९ लिटरच्या सहा सिलिंडरी कमिन्स इंजिनासाठी तापलेल्या अवस्थेत किमान १० पौंड प्रति चौरस इंच (सुमारे ०.७ बार) दाब आयडलिंगला, आणि ३० पौंड (सुमारे २ बार) कमाल शक्तीच्या गतीला अपेक्षित असतो. म्हणजे थांब्यावर घुरघुरत उभ्या असलेल्या बसचा काटा १५ पौंडांवर असेल तर काळजीचे कारण नाही. पण तोच १५ चा आकडा भरधाव असताना दिसत असेल तर गाडी बाजूला घ्यावी. आकडा कोणत्या फेऱ्यांना आणि किती तापमानाला घेतला याची नोंद नसेल, तर तो निदानाला निरुपयोगी असतो.

प्रथम करावयाच्या तपासण्या

धावत्या गाडीत तेलदाबाचा दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करणे ही पहिली पायरी. बेअरिंग व क्रँक यांमधील तेलाचा पातळ थर तुटला की बेअरिंग थोड्याच मिनिटांत वितळू शकते. टर्बोचार्जरचा दांडा तर मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. त्याला याहूनही कमी वेळ पुरतो. ‘पुढच्या आगारापर्यंत नेऊ’ हा निर्णय अनेकदा संपूर्ण इंजिनाची किंमत घेतो.

सपाट जागेवर, इंजिन बंद करून तेल खाली उतरण्यास काही मिनिटे दिल्यावर डिपस्टिक पाहावी. पातळी कमी असेल तर गळती किंवा तेल जळणे शोधावे. पातळी *वाढलेली* असणे हे अधिक वाईट लक्षण आहे, आणि नवशिके नेमके तेच नजरेआड करतात. तेलाला डिझेलचा वास येत असेल तर गळका इंजेक्टर किंवा फीड पंपाचा फाटलेला पडदा संशयास्पद ठरतो. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात रेडिएटरचे पाणी उतरले आहे. डिझेल मिसळलेले तेल पातळ होते व दाब खाली येतो, पण इंजिनाचा एकही भाग झिजलेला नसतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या काही इंजिनांत काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडले जाते. तेथे ही शक्यता आधी विचारात घ्यावी.

गाडीचा वापरही पाहावा लागतो. अंबरनाथच्या मोरिवलीसारख्या औद्योगिक भागात कामगारांची ने-आण करणारी बस थोडे अंतर जाते आणि फाटकाशी बराच वेळ उभी राहते. अशा इंजिनाचे तेल पुरते तापत नाही, त्यात काजळी व ओलावा साचतो आणि जाळी तुंबते. कल्याणहून माळशेज घाट चढणाऱ्या एसटीची गोष्ट उलटी. लांब चढावर तेल अतिशय तापते, आणि पातळी थोडीशी जरी कमी असली तरी वळणावर जाळी उघडी पडून काटा थरथरतो.

यानंतर डॅशबोर्डवरील काट्यावर विश्वास न ठेवता सेंडर काढून त्याच जागी यांत्रिक गेज लावावा. सर्व तपासण्यांत ही सर्वांत स्वस्त, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त टाळली जाणारी. स्विचची वायर सोडवूनही दिवा जळतच राहिला तर वायर कोठेतरी बॉडीला टेकली आहे.

काट्याच्या वर्तनावरून अनुमान

दाब महिनोन्महिने हळूहळू उतरत गेला, तापलेल्या आयडलिंगला कमी आणि फेरे वाढविताच वाढणारा असेल, तर झिजलेली बेअरिंगे किंवा पातळ झालेले तेल असे समजावे. तेल बदलूनही फरक न पडल्यास झीज जवळजवळ निश्चित. सर्व गतींना सारखाच कमी आणि घट अचानक झालेली असेल, तर रिलीफ व्हॉल्व्हखाली कचरा अडकून तो उघडा राहिला आहे, स्प्रिंग तुटली आहे किंवा गॅलरीचा प्लग निघाला आहे. याउलट फेरे वाढविल्यावर दाब *पडत* असेल तर पंपाला तेल पुरत नाही. तुंबलेली जाळी किंवा हवा ओढणारा सक्शन पाइप तपासावा. तुंबलेल्या फिल्टरमुळे दाब शून्यावर येणे विरळा, कारण त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो. पण मग न गाळलेले तेल थेट बेअरिंगांकडे जाते.

इंजिन खोलण्यापूर्वी जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पाहावा. तांबूस चमक दिसली तर बेअरिंग शेलचा वरचा मऊ थर झिजून तांब्याचा थर उघडा पडला आहे. यानंतरच गाडी खड्ड्यावर घेऊन चेंबर उतरवावा. मेन बेअरिंगचा भार खालच्या शेलवर आणि बिग एंडचा वरच्या शेलवर येतो. झीज पाहताना हेच भाग तपासावेत. पंपाची दातेरी चाके व त्यांच्या बाजूची फट याच वेळी मोजून घ्यावी.

चुकीचे उपाय

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वायसर घालून किंवा अधिक दाट तेल ओतून काटा वर आणण्याची युक्ती सर्वत्र आढळते. तापलेल्या आयडलिंगला हा व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, त्यामुळे वायसरने झिजलेल्या इंजिनाचा तेथील दाब वाढत नाही. थंड इंजिनात मात्र तो वाजवीपेक्षा वाढून फिल्टरचे सील फुटू शकते. दाट तेल काटा वर नेते, पण थंड इंजिन सुरू होताना ते रॉकर व टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते.

दुरुस्तीनंतर

नवी बेअरिंगे बसविल्यावर इंजिन थेट सुरू न करता डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे व गेजवर दाब दिसल्यावरच सुरू करावे. टर्बोच्या नळीत आधी तेल भरावे. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंग व कमाल गती अशा दोन्ही ठिकाणचे आकडे, तापमानासह, गाडीच्या नोंदवहीत लिहावेत. पुढच्या वेळी तुलना याच आकड्यांशी होते.