घरी बांधलेल्या बग्गीत पेट्रोल टाकीची जागा

बग्गी म्हटले की जुन्या वाचकाच्या डोळ्यांसमोर संस्थानिकांची घोडागाडी उभी राहते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कर्मशाळांत आणि गॅरेजांत मात्र या शब्दाला आता निराळा अर्थ चिकटला आहे. पोलादी नळ्यांचा पिंजरा, त्यात एक किंवा दोन आसने, पाठीमागे बहुधा मोटरसायकलचे इंजिन आणि खडबडीत जमिनीवर चालणारी चार रुंद चाके, असे हे वाहन. ते बांधण्यासाठी लागणारे कसब बेळगाव-निपाणी पट्ट्यात मुबलक आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथ यांची परंपरा आहे, निपाणी-संकेश्वर भागात उसाच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारे जोडणारे वेल्डर आहेत, आणि चोर्ला घाट उतरला की गोव्यातले हौशी वाहनप्रेमीही या कसबापासून फार दूर नाहीत.

अशा वाहनाच्या बांधणीत पिंजरा, स्टीअरिंग आणि सस्पेन्शन यांना पहिला मान मिळतो. पेट्रोलची टाकी बहुधा शेवटी येते आणि उरलेल्या जागेत बसवली जाते. सुरक्षिततेचे नियम नेमके याच्या उलट सांगतात. टाकीची जागा पहिली नळी कापण्यापूर्वी ठरली पाहिजे, कारण पिंजरा वेल्ड झाल्यावर ती हलवायची तर बहुतेक सारे पुन्हा कापावे लागते.

पेट्रोलचा स्वभाव

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी उघड्या पेट्रोलावर ज्वलनशील वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर उडून न जाता खाली उतरते आणि खोलगट जागी साचते. बग्गीतील सर्वांत खोलगट जागा म्हणजे चालकाच्या पायांखालचा पत्रा. टाकी आसनाच्या मागे किंवा खाली उघडी ठेवली, तर गळलेल्या थेंबाची वाफ जिथे माणूस पट्ट्यांनी बांधून बसलेला असतो तिथेच जमते. हवेत वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असले की एक ठिणगी पुरते. ती बॅटरीच्या सैल तारेतूनही मिळते.

युरोपीय आर्थिक आयोगाचा ३४ क्रमांकाचा वाहन नियम, जो आगीचा धोका टाळण्यासाठीच लिहिला गेला आहे, या स्वभावावरच उभा आहे. टाकी प्रवाशांच्या कक्षात नसावी, त्या कक्षाची भिंत किंवा तळ टाकीनेच बनलेला नसावा, दोहोंमध्ये आडभिंत असावी, पेट्रोल भरण्याचे तोंड प्रवासी कक्षात किंवा इंजिनाच्या कप्प्यात नसावे, आणि गळती झालीच तर पेट्रोल थेट जमिनीवर पडावे, ही त्यातील मुख्य कलमे. शेवटचे कलम वरवर साधे वाटते, पण टाकीखाली सपाट बंद पत्रा ठोकणाऱ्या कारागिराने ते मोडलेलेच असते.

पुढे, मागे की मध्ये?

बग्गीचा इतिहास पाहिला तर टाकी तिन्ही ठिकाणी बसवून झालेली आहे. कॅलिफोर्नियातील ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये ‘मेयर्स मॅन्क्स’ ही फायबरग्लासची बग्गी घडवली, तेव्हा त्यांनी फोक्सवॅगन बीटलचे सुटे भाग वापरले. बीटलचे इंजिन मागे आणि टाकी पुढे, चालकाच्या गुडघ्यांच्या वरच्या अंगाला. इंजिनाच्या उष्णतेपासून टाकी दूर राहिली हे खरे. पण समोरून धडक बसली की ती पहिल्या रांगेत होती.

मागे टाकी ठेवण्याचा धडा फोर्ड कंपनीच्या पिंटो या मोटारीने दिला. मागच्या आसाच्याही पलीकडे, बंपरला लागून असलेली तिची टाकी पाठीमागून बसलेल्या धडकेत फाटत असे. १९७८ मध्ये कंपनीला सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. शर्यतीच्या जगाने मध्यभाग निवडला. आजच्या फॉर्म्युला वन गाडीत इंधनाची लवचीक पिशवी चालकाच्या पाठीमागे आणि इंजिनाच्या पुढे, गाडीच्या सर्वांत मजबूत कवचात असते.

भारतातील विद्यार्थी ज्या नियमावलीला सर्वाधिक मानतात ती ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेची. मूळ स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली. भारतात ती २००७ पासून रुजली आणि इंदूरजवळचे पीथमपूर हे तिचे मुख्य मैदान ठरले. एकाच प्रकारचे, सुमारे १० अश्वशक्तीचे इंजिन सर्वांना, मग कस लागतो तो बांधणीचा. मूळ नियमावलीनुसार टाकी आणि तिचे झाकण पिंजऱ्याच्या घेराच्या आत असावे लागते. नळ्यांच्या बाहेर तिचा कोपराही डोकावता कामा नये. चालक आणि इंजिन-टाकीचा कप्पा यांच्यामध्ये किमान अर्धा मिलिमीटर जाडीच्या धातूच्या पत्र्याची आडभिंत हवी. पेट्रोलची नळी चालकाच्या कक्षातून नेता येत नाही, आणि पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट हवे. टाकी भरताना सांडलेले पेट्रोल गरम इंजिनावर न पडता तबकात गोळा होऊन नळीने खाली गेले पाहिजे. इंजिन बंद करणारी दोन बटणे असतात, एक चालकाच्या हाताशी, दुसरे बाहेरून पोहोचेल असे. चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे, ही अटही याच कुटुंबातली. आडभिंतीने आग रोखायची असते ती फार वेळ नव्हे. तेवढे पाच सेकंद तिने दिले तरी तिचे काम झाले. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमावली हाताशी ठेवूनच मापे घ्यावीत.

मोटरसायकलचे इंजिन आणि खरी अडचण

स्पर्धेबाहेरच्या बग्गीत १०० ते १५० सीसीचे जुने मोटरसायकल इंजिन येते आणि इथेच नियम व यंत्र यांची ओढाताण सुरू होते. अशा इंजिनात धूर बाहेर पडण्याचे तोंड पुढे आणि कार्ब्युरेटर मागे असतो. बग्गीत हे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवले की सायलेन्सरचा तापलेला पाइप आडभिंत आणि इंजिन यांच्या मधोमध येतो, म्हणजे टाकीसाठी सर्वांत सुरक्षित असलेली जागाच तो अडवतो. इंजिन उलटे फिरवून बसवावे, तर साखळी मागच्या आसाला उलटी फिरवते आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये मागे जाते. परिणामी टाकी शेपटाकडे, कार्ब्युरेटरजवळ टांगण्याचा मोह होतो. हीच ती पिंटोची जागा.

दुसरी ओढाताण उंचीची. जुन्या मोटरसायकलला पंप नसतो. पेट्रोल स्वतःच्या वजनाने कॉकमधून कार्ब्युरेटरमध्ये उतरते. म्हणून टाकीचा तळ कार्ब्युरेटरच्या वर हवा, आणि तो चढावरही वर राहिला पाहिजे. टाकी कार्ब्युरेटरच्या ६० सेंटिमीटर मागे असेल आणि बग्गी ३० अंशांच्या चढावर असेल, तर टाकी सापेक्षतः ३० सेंटिमीटर खाली जाते. सपाटीवर ती सुमारे ३५ सेंटिमीटर उंच नसेल तर इंजिन नेमके चढाच्या मध्यावर पेट्रोलवाचून बंद पडेल. इतकी उंच टाकी मागे टांगली की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि उलटण्याची भीती वाढते.

यावर दोन वाटा निघतात. पहिली, टाकी आडभिंतीच्या मागे, पिंजऱ्याच्या आत, इंजिनाच्या वर पण एका बगलेला बसवायची. पाइप दुसऱ्या बगलेने काढायचा. आणि मध्ये हवा खेळेल इतकी जागा सोडून उष्णता अडवणारा पत्रा लावायचा. दुसरी वाट अधिक चांगली: टाकी खाली, पिंजऱ्याच्या तळनळ्यांच्या आत ठेवून इंजिनाच्या निर्वात दाबावर चालणारा छोटा पंप जोडायचा. इंजिन थांबले की हा पंपही थांबतो, त्यामुळे अपघातानंतर पेट्रोल वाहत राहत नाही. कॉकने मात्र ते वाहत राहते, आणि उलटलेल्या गाडीत कॉक बंद करायला हात पोहोचत नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मोटरसायकलींत बहुधा इंधन इंजेक्शन असते. तिथे विजेचा पंप पेट्रोलला सुमारे तीन बारच्या दाबाने ढकलतो. अशी नळी फुटली तर थेंब पडत नाही, फवारा उडतो. मूळ मोटरसायकलमधील कलण्याचा संवेदक, जो गाडी आडवी होताच पंप तोडतो, तो ‘नको ती वायर’ म्हणून काढून टाकणे हा या इंजिनांबाबतचा सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे.

बसवणे आणि बांधणे

आठ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे सहा किलो. जोरदार धडकेत गाडीचा वेग गुरुत्वाच्या वीस पट दराने घटला, तर हेच सहा किलो १२० किलोंच्या जोराने पुढे झेपावते, टाकीचे वजन वेगळेच. रबरी पट्ट्याने किंवा प्लॅस्टिकच्या टायने बांधलेली टाकी तिथे टिकत नाही. पोलादी पट्ट्या, त्याखाली रबराचे अस्तर, आणि ब्रॅकेट पातळ पत्र्याला नव्हे तर नळीला वेल्ड केलेले, इतके किमान हवे.

झाकणाकडे कोणी पाहत नाही. मोटरसायकलच्या टाकीच्या झाकणात हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते नसेल तर पेट्रोल उतरत नाही. पण गाडी उलटली की त्याच छिद्रातून पेट्रोल गळते. म्हणून हवेची नळी वेगळी काढावी, तिला टाकीच्या वर वेटोळे द्यावे, उलटल्यावर बंद होणारी झडप लावावी आणि तिचे टोक पाइपापासून दूर, खाली सोडावे.

टाकी नवी असावी की जुनी, हा पैशाचा प्रश्न असला तरी एक गोष्ट पैशाच्या पलीकडची आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. भंगारातून आणलेली टाकी धुऊन, वाळवून, वास गेला म्हणून गॅस वेल्डिंगखाली धरणे म्हणजे बॉम्बला ज्योत लावणे. ती टाकी कापायची किंवा सांधायचीच असेल तर हे काम रोज करणाऱ्याकडेच द्यावे. पाण्याची बाटली किंवा साधा प्लॅस्टिकचा कॅन टाकी म्हणून वापरण्याबद्दल लिहिण्याचीही गरज पडू नये, पण पडते.

पेट्रोलही बदलले आहे. साखर कारखान्यांच्या या पट्ट्याला इथेनॉल नवे नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात ते २० टक्क्यांपर्यंत असते. इथेनॉल पाणी ओढते, जुन्या टाकीला आतून गंज चढवते आणि स्वस्त रबरी नळी फुगवून चिरवते. नळी घेताना ती इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठीच बनवलेली आहे, हे तिच्यावरील छापावरून पाहून घ्यावे.

कायदा कुठे उभा आहे

टाकी नियमाप्रमाणे बसली म्हणून बग्गी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ३९व्या कलमानुसार नोंदणीशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि नोंदणीसाठी वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासला गेलेला असावा लागतो. एकट्या हौशी कारागिराला ही वाट व्यवहारात बंदच आहे. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नसताना अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून. चिकोडीच्या आरटीओत जो नियम, तोच पणजीच्या. कायदा केंद्राचा आहे. राजस्थानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच असल्याचे स्पष्ट केले, त्यामुळे ‘ही गाडी नव्हे, खेळणे आहे’ हा बचाव टिकत नाही. मूळ इंजिन ज्या मोटरसायकलचे, तिचा नोंदणी क्रमांक बग्गीला लावणे हा तर स्वतंत्र गुन्हा ठरतो.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून, किकने सुरू होणारी छोटी जीप बांधली, तिचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण त्याच वेळी ती नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या ती थांबवली जाईल, हेही नोंदवले. जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात कारागिराला बोलेरो मिळाली. कौतुक कसबाचे झाले, परवाना मात्र मिळाला नाही, ही त्या घटनेची कमी वाचली गेलेली बाजू.

अधिनियमातील ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून कारखाना किंवा बंदिस्त आवार एवढ्यापुतेच वापरण्यासाठी खास बनवलेले वाहन वगळले आहे. महाविद्यालयाचे मैदान, स्पर्धेचा आखलेला मार्ग, कुंपण असलेले खासगी शेत, एवढेच बग्गीचे जग. गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, हेही नावातल्या ‘बीच’ शब्दाला भुलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पहिली चाचणी पाण्याची

टाकी, नळ्या आणि झाकण बसल्यावर पहिल्यांदा पेट्रोल भरू नये. टाकीत पाणी भरून गाडी जॅकवर किंवा साखळी-कप्पीने दोन्ही बगलांना आडवी करावी, जमल्यास उलटी करावी, आणि प्रत्येक स्थितीत पाच मिनिटे थांबावे. ३४ क्रमांकाच्या युरोपीय नियमात धडकेच्या चाचणीनंतर मिनिटाला ३० ग्रॅमपेक्षा अधिक सतत गळती चालत नाही. घरच्या बग्गीत, धडक बसण्याआधी, एक थेंबही चालवून घेऊ नये. गळती कुठे होते यापेक्षा ती कुठे जाऊन पडते हे पाहावे: पाइपावर, बॅटरीवर की सरळ जमिनीवर. नंतर टाकी उतरवून पूर्ण कोरडी करावी, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल उरलेले पाणी शोषून तळाशी वेगळा थर धरते. इंजिन पहिल्यांदा सुरू करताना आसनावर कोणी नसावे, आणि अग्निशामक नळकांडे बग्गीत न ठेवता बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे.