मोटार आणि कामगाराचा हात

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती मोटारीची किल्ली ग्राहकाला मिळाली आणि दिल्लीच्या शेजारचे गुडगाव, म्हणजेच आजचे गुरुग्राम, मोटारींचे गाव म्हणून नावारूपास आले. मोटार नवी होती. ती बांधण्याची रीत मात्र सत्तर वर्षांची जुनी. तिचे जन्मस्थान अमेरिकेतील डेट्रॉइटलगतचे हायलंड पार्क होय.

तेथे हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ पूर्वी मोटारीचा सांगाडा एके जागी उभा असे व माणसे त्याच्याभोवती फिरत. त्या वर्षी सांगाडा सरकू लागला आणि माणसे जागच्या जागी खिळली. सांगाडा जोडण्याचे साडेबारा तासांचे काम काही महिन्यांतच एक तास तेहेतीस मिनिटांवर आले. या पराक्रमाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. परंतु सुमारे चौदा हजार माणसे कामावर टिकविण्यासाठी त्याच वर्षी पन्नास हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली, ही गोष्ट सहसा त्याच पानावर आढळत नाही. जानेवारी १९१४ मधील पाच डॉलर रोजाची गाजलेली घोषणा औदार्यापेक्षा या गळतीतूनच अधिक निघाली, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि सरकत्या साखळीने माणूस थकविला. त्याची बोटे घेतली ती प्रेसने. पत्रा साच्यावर ठेवावयाचा, हात काढून घ्यावयाचा, आणि क्षणात वरचा साचा खाली यावयाचा. हात निघण्यास निमिषभर उशीर झाला की संपले! नोकरी पत्करली तेव्हाच धोकाही पत्करला, असे जुने न्यायालयीन तत्त्व होते. मिशिगन राज्यात १९१२ साली नुकसानभरपाईचा कायदा आला, बोटाची किंमत मालकाच्या खतावणीत चढली, आणि मग यंत्रांना कठडे बसविण्याची निकड भासू लागली. दोन्ही हातांनी दोन कळा एकदम दाबल्याखेरीज प्रेस खालीच येऊ नये, ही साधी युक्तीही फार जुनी आहे.

आपल्याकडे जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीस कारखाना काढला. सुटे भाग खोक्यांतून बोटीने येत आणि येथे त्यांची जुळणी होई. प्रेसचा मुख्य धोका समुद्रापलीकडेच राहिला.

गुरुग्राममध्ये तसे झाले नाही. येथे मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे पसरले. त्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले कंत्राटी मजूर प्रेसवर राबतात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढीत आली आहे. त्यांतील जखमा मुख्यतः हाताच्या व बोटांच्या असून पॉवर प्रेसचा वाटा त्यांत फार मोठा आहे. चकचकीत जुळणीशाळा पाहून परतणाऱ्या पाहुण्याला ही गल्ली दिसत नाही.

भारतात नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीच झाला होता. कोणता अवयव गेल्यास कमाईची किती शक्ती गेली असे मानावे, याचा तक्ताच त्याला जोडलेला होता: अंगठ्यास शेकडा २५, तर्जनीस १०, अन्य बोटास ५. पुढे अंगठ्याचे ३० झाले व पूर्ण तर्जनीचे १४. प्रेसवर एकदा बोट गमावलेल्या मजुराला पुन्हा प्रेसवर कोण घेतो, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.