परकीय समाजमाध्यमांवरील निर्बंध आणि लहान व्यापारी : तीन देशांचा तौलनिक विचार

एखाद्या राष्ट्राने परकीय समाजमाध्यमावर निर्बंध घातला म्हणजे त्याची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. राष्ट्राची सुरक्षितता हे एक अंग, आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य हे दुसरे. या वादात तिसरा एक पक्ष सहसा बोलावयास उभा राहत नाही. तो म्हणजे त्याच माध्यमाच्या आधारे माल खपविणारा लहान व्यापारी. प्रस्तुत निबंधात भारत (२०२०), रशिया (२०२२) व अमेरिकेची संयुक्त संस्थाने (२०२० ते २०२६) या तीन उदाहरणांवरून या तिसऱ्या पक्षाचा विचार करावयाचा आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : निर्बंधाने गिऱ्हाइकी नष्ट होत नाही, ती स्थलांतर करते. त्या स्थलांतराचा खर्च मात्र, ज्याच्यापाशी आपल्या गिऱ्हाइकांची स्वतंत्र नोंद नाही, त्याच्या माथी बसतो. आणि तो खर्च किती, हे निर्बंध किती कडक यापेक्षा तो कोणत्या रीतीने आला, यावर अधिक अवलंबून असते.

१

दुसऱ्याच्या साधनाचा आश्रय घेऊन माल खपविणे ही गोष्ट लहान व्यापाऱ्यास नवीन नव्हे. विसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांची पाने चाळली असता औषधे, पुस्तके इत्यादींच्या जाहिराती आणि व्ही. पी. ने माल धाडण्याची आश्वासने जागोजाग आढळतात. त्या व्यवहारात जाहिरातीची जागा नियतकालिकाची असली, तरी मागणीचे पत्र दुकानदाराच्याच हाती पडे. गिऱ्हाइकाचे नाव, गाव व पत्ता त्याच्या वहीत उतरे. पुढे ते नियतकालिक बंद पडले, तरी वही शिल्लक राही. आणि वहीतील पत्त्यांवर पोस्टकार्डे धाडून उदीम चालू ठेवता येई.

समाजमाध्यमाने हा क्रम उलटविला. येथे दुकानदाराचे जे 'अनुयायी' म्हणून ओळखले जातात, त्यांची यादी कंपनीच्या दफ्तरी असते. कोणापुढे कोणती चित्रफीत यावी, हेही कंपनीची गणनपद्धतीच ठरविते. मोबदल्यात व्यापाऱ्यास विनामूल्य अगर अल्पमूल्य प्रसिद्धी मिळते. साधन चालू आहे तोवर हा सौदा फायद्याचाच होय. ते बंद झाले म्हणजे मात्र प्रसिद्धीबरोबर वहीही जाते.

२

पहिले उदाहरण भारताचे. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात भारतीय व चिनी सैन्यांत चकमक झाली. त्यानंतर पंधरवड्यातच, २९ जून रोजी, केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६९-अ कलमान्वये ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्यांत बाइटडान्स या कंपनीचे टिकटॉक होते. त्याचप्रमाणे शीइन व क्लब फॅक्टरी यांसारखी खरेदी-विक्रीची ॲपेही होती. टिकटॉकचे भारतातील वापरकर्ते त्या सुमारास २० कोटींच्या घरात होते असे सांगितले जाते. वस्तुतः धोक्याची सूचना आधीच मिळाली होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये याच ॲपविरुद्ध हंगामी आदेश दिला होता. परंतु तो तीन आठवड्यांतच उठला.

या बंदीचे वैशिष्ट्य तिच्या आकस्मिकतेत आहे. आदेश सायंकाळी प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्या दिवशी सेवा थांबली. गिऱ्हाइकांस नवा ठावठिकाणा कळविण्यास अवधी असा मिळालाच नाही. त्यात मार्चपासूनच्या टाळेबंदीमुळे प्रत्यक्ष दुकानांचा व्यवहार विस्कळीत होता, हेही ध्यानात घ्यावयास हवे. तथापि मोकळी जागा फार काळ मोकळी राहिली नाही. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने 'रील्स' भारतात आणले, आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने 'शॉर्ट्स'चा प्रयोग भारतातच प्रथम सुरू केला. प्रेक्षकवर्ग अशा रीतीने पुन्हा एकत्र आला. पण कोणत्या दुकानदाराचा अनुयायी कोण, ही नोंद त्याच्याबरोबर आली नाही. एका परकीय कंपनीच्या दफ्तरातून निघून व्यापारी दुसऱ्या परकीय कंपनीच्या दफ्तरात, तेही पहिल्या पायरीवर, जाऊन बसला. ज्याने गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक आपल्यापाशी टिपून ठेवले होते, त्याची स्थिती निराळी होती. तो जुन्या वहीवाल्या दुकानदाराचाच वारस म्हणावयाचा.

३

रशियातील निर्बंध टप्प्याटप्प्याने आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर ४ मार्च रोजी रशियाच्या नियामक संस्थेने फेसबुक बंद केले, आणि १४ मार्चपासून इन्स्टाग्राम. इन्स्टाग्रामच्या प्रमुखांच्या निवेदनानुसार या बंदीने रशियातील ८ कोटी लोकांचा संबंध तुटणार होता. नियामकाने येथे ४८ तासांची अधिक मुदत दिली. वापरकर्त्यांनी आपली छायाचित्रे व चित्रफिती हलवाव्यात आणि आपल्या संबंधितांस नवा पत्ता कळवावा, हा तिचा हेतू सांगण्यात आला. मुदत तुटपुंजी होती, यात शंका नाही. परंतु माध्यम बंद करणाऱ्या सत्तेनेच 'गिऱ्हाइकांना पत्ता कळवा' असे सुचवावे, यात वहीच्या प्रश्नाची अप्रत्यक्ष कबुली आहे.

या प्रकरणात निर्बंध दोन्ही बाजूंनी आला, हेही नोंदविले पाहिजे. फेसबुक व इन्स्टाग्राम यांची मालक कंपनी मेटा हिने मार्चच्या आरंभीच रशियातील जाहिरातदारांच्या जाहिराती थांबविल्या होत्या. २१ मार्च रोजी मॉस्कोच्या न्यायालयाने मेटाची ही कार्ये 'अतिरेकी' ठरविली. व्हॉट्सॲप मात्र वगळले. व्यापाऱ्यांतील काही टेलिग्राम व व्हीकाँटाक्टे या माध्यमांकडे वळले, तर काही आडमार्गाने इन्स्टाग्रामवरच राहिले. पुढे एका नव्या कायद्याने १ सप्टेंबर २०२५ पासून अशा माध्यमांवर जाहिरात करणे हाच दंडनीय अपराध झाला. साडेतीन वर्षांपूर्वी जो निर्बंध कंपनीवर होता, तो आता व्यापाऱ्याच्या स्वतःच्या कृतीवर आला. येथे तोट्याचे रूपच पालटले : प्रथम गिऱ्हाईक दुरावण्याचा तोटा, नंतर त्याला गाठू पाहिल्यास दंडाची भीती.

४

अमेरिकेचे उदाहरण या दोहोंहून भिन्न आहे. तेथे बंदीपेक्षा बंदीची टांगती तलवारच दीर्घकाळ राहिली. ऑगस्ट २०२० मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी टिकटॉकविरुद्ध आदेश काढले; न्यायालयांनी त्यांची अंमलबजावणी रोखली; जून २०२१ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी संबंधित आदेश मागे घेतला. मे २०२३ मध्ये माँटॅना संस्थानाने केलेला कायदा त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात न्यायालयाने स्थगित केला. अखेर २४ एप्रिल २०२४ रोजी, चिनी मालकाने टिकटॉक विकावे अन्यथा ते बंद व्हावे, असा संघीय कायदा झाला, आणि १७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने वैध ठरविला. १८ जानेवारीच्या रात्री सेवा थांबली, व दुसऱ्या दिवशी परत सुरू झाली. त्यानंतर मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. जानेवारी २०२६ मध्ये बहुसंख्य अमेरिकन व अन्य भागीदारांची संयुक्त कंपनी स्थापन होऊन या प्रकरणावर तूर्त पडदा पडला.

प्रत्यक्ष खंड एका दिवसाहूनही कमी. अनिश्चितता मात्र, मधला विराम धरून, साडेपाच वर्षांची. मालाची ऑर्डर किती महिन्यांची द्यावी, चित्रफिती करणारा माणूस नोकरीस ठेवावा की नाही, असे निर्णय अशा काळात अधांतरी राहतात. मोठी पेढी अनेक माध्यमांवर खर्च वाटून हा धोका पत्करू शकते. एकट्या माणसाच्या दुकानास ते जमत नाही. म्हणूनच टांगता निर्बंध हादेखील एक निर्बंधच होय. उलटपक्षी, या अवधीचा उपयोगही होता. सावध व्यापाऱ्यास गिऱ्हाइकांचे ई-मेल पत्ते जमविण्यास आणि स्वतःचे संकेतस्थळ उभारण्यास वेळ मिळू शकत होता. भारतीय व्यापाऱ्यास ही सवड नव्हती.

५

येथे साधनचिकित्सेचा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेतील ७० लाख उद्योग टिकटॉकचा उपयोग करतात, आणि एक महिना बंदी राहिल्यास लहान उद्योगांचे १ अब्ज डॉलरहून अधिक उत्पन्न बुडेल, हे आकडे पुष्कळदा उद्धृत होतात. ते कंपनीनेच प्रसिद्ध केलेले अगर न्यायालयापुढे मांडलेले आहेत. ते खोटे आहेत असे नव्हे. परंतु वादातील एका पक्षाने आपल्या समर्थनार्थ दिलेली ती साक्ष आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. शिवाय एका माध्यमावरील बुडालेले उत्पन्न आणि दुसऱ्यावर पुन्हा मिळालेले उत्पन्न यांची वजाबाकी केल्यावाचून खरा तोटा हाती येत नाही. सरकारे सुरक्षिततेची बाजू मांडतात, कंपन्या आकडे मांडतात. व्यापारी स्वतः फारच थोडे लेख मागे ठेवतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेच थांबून विचार करावा. व्यापाऱ्याच्या जाहिराती हाच त्याचा लेखी पुरावा, आणि माध्यम बंद होताच तोही लोकांच्या दृष्टीआड होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मराठी दुकानदाराची जाहिरात आज ग्रंथालयात सापडू शकते. २०२० च्या जून महिन्यात तालुक्याच्या गावातील साडीविक्रेत्याने केलेली चित्रफीत शोधू गेल्यास ती कोठे पाहावयाची, हे सांगता येत नाही. ज्यांनी तो काळ व्यापारी म्हणून अनुभवला, ते आज हयात आहेत. त्यांच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या आणि मोबाइलमध्ये राहून गेलेल्या प्रती अद्याप मिळू शकतील. आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी जिल्हावार मुलाखती घेऊन हे साहित्य वेळीच गोळा केले, तर निर्बंधाचा खर्च कोणी सोसला या प्रश्नाचे उत्तर पुढील पिढीस केवळ सरकारच्या व कंपनीच्या कागदांवरून द्यावे लागणार नाही.