हवा शत्रू की सोबती? गरम पाण्याच्या नळांची दोन शतके

१/ थंड देशांतील घरांत लोखंडी रेडिएटरमधून गरम पाणी फिरते आणि खोल्या उबदार राहतात. या पाण्याबरोबर हवाही फिरत असते. तिला वेगळे काढणारा ‘एअर सेपरेटर’ कोणता निवडावा, हा प्रश्न वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटतो. त्याचे उत्तर मात्र इमारतीच्या इतिहासात दडलेले असते.

२/ प्रथम थोडे विज्ञान. आधण ठेवले की उकळी फुटण्याच्या बरेच आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा होय. हवेच्या संपर्कातील एक लिटर गोड्या पाण्यात ० अंश सेल्सिअसला सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना जेमतेम ७.५.

३/ १८०३ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी दाबाचा नियम मांडला: तापमान स्थिर असता दाब वाढेल त्या प्रमाणात अधिक वायू विरघळतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलताच फेस उसळतो, तो दाब उतरल्यामुळे. म्हणजेच पाणी तापले किंवा दाब घटला, की हवा बाहेर पडू लागते.

४/ ही हवा रेडिएटरच्या माथ्याशी साचली तर वरचा भाग थंडच राहतो. नळाने हवा धरली तर प्रवाह खुंटतो. शिवाय प्राणवायू लोखंडाला गंज चढवतो. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक व्यवस्थांत पंप नव्हता. गरम पाणी हलके म्हणून वर चढे, निवलेले खाली उतरे. प्रवाह संथ असल्याने हवा चढत्या नळांतून माथ्यावरील उघड्या टाकीपर्यंत पोहोचे व निघून जाई.

५/ १८३१ मध्ये लंडनमध्ये अँजियर मार्च पर्किन्स यांनी निराळ्या व्यवस्थेचे पेटंट घेतले: जाड भिंतींचे अरुंद नळ, चहूकडून बंद. पाणी तापून फुगले तर जावे कोठे? त्यासाठी माथ्यावर एक रुंद नळी रिकामी ठेवलेली असे. तीत कोंडलेली हवा गादीप्रमाणे दबे. नळांत नकोशी असलेली हवा येथे कामाला जुंपली गेली. वास्तुविशारद सर जॉन सोन यांच्या लंडनमधील घरातही ही व्यवस्था बसली होती.

६/ विसाव्या शतकात विजेचे पंप आले. पाणी वेगाने धावू लागले व बुडबुड्यांना वर चढण्याची उसंत उरली नाही. म्हणून बुडबुडे अडवणारे वेगळे उपकरण आवश्यक ठरले. बॉयलरजवळ बंद पोलादी टाकी टांगलेली असे. तिच्या वरच्या भागात हवेची गादी. १० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापवले तर सुमारे ३ टक्क्यांनी फुगते. ती वाढ ही गादी सोसे.

७/ अशा व्यवस्थेत सेपरेटरने पकडलेली हवा चढत्या नळाने पुन्हा टाकीत पाठवावी लागते. पुढे रबरी पडद्याच्या टाक्या आल्या. त्यांत पडद्यामागील हवा पाण्याला शिवतच नाही. त्यामुळे उरलेली सगळी हवा आपोआप उघडणाऱ्या झडपेतून बाहेर घालवणे इष्ट ठरले.

८/ निवडीचे मर्म येथे आहे. जुनी टाकी तशीच ठेवून सेपरेटरवर स्वयंचलित झडप बसवली, तर गादीतील हवा हळूहळू पाण्यात विरघळून त्या झडपेतून निघून जाते. टाकी पाण्याने भरते, तापवताच दाब चढतो, सुरक्षा झडप गळू लागते. गळतीची भरपाई करणारे ताजे पाणी नवा प्राणवायू आणते, गंज वाढतो.

९/ टाकी ओळखल्यावर प्रकार ठरवावा. साध्या पेटीत पाण्याचा वेग मंदावतो व मोठे बुडबुडे वर येतात. मात्र तिच्याआधी सरळ नळ लागतो. दुसऱ्या प्रकारात पाणी भोवऱ्यासारखे फिरते व हवा मध्यभागी गोळा होते. तिसऱ्यात जाळीवर अतिसूक्ष्म बुडबुडेही धरतात. आकार प्रवाहाच्या मानाने निवडावा. केवळ नळाच्या व्यासावर जाऊ नये. जागा शक्यतो बॉयलरनंतर व पंपाच्या आधी, कारण तेथे पाणी सर्वांत गरम असते आणि पंपाने दाब वाढवलेला नसतो.

१०/ थंड प्रदेशातील एखाद्या जुन्या इमारतीचे तळघर पाहण्याचा योग आला, तर छताशी टांगलेली आडवी पोलादी टाकी अवश्य शोधा. ती सापडली, तर तेथे हवा अजून नोकरीवर आहे असे समजा. तिला हाकलण्यापूर्वी तिचे काम कोण करणार, हे आधी ठरवावे लागते.